इतर

अर्पणाची वही माझ्याकडे असते, चौदा वर्षं.
पाच रकाने: नाव, क्वाचा, मका, कोंबडी, इतर.
'इतर'मध्ये आजवर एकदाच काही लिहिलं होतं:
वादळात प्रार्थनाघराचे पत्रे उडाले तेव्हा
म्झुंबाने आणून दिलेले अर्धी पिशवी खिळे.

तोवेरा कुम्वेंडा हिच्या नावापुढे
तीन वर्षं नुसत्या आडव्या रेघा.
वडीलजन म्हणाले, थकबाकीदारांची नावं मोठ्याने वाच.
मी वाचली. माझा आवाज चांगला आहे.
ती मागच्या बाकावर बसलेली,
दोन्ही हात कमरेच्या चितेंजे कापडात लपवून.
मला वाटलं, लाजेने.

ऑक्टोबरात कापिरिंजाचा हापसा बंद पडला.
ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे
माणसं सावलीसुद्धा जपून वापरतात.
तोवेराला निरोप गेला. मलाही गेला,
कारण पुरुषमाणसं सगळी तंबाखूच्या मळ्यांवर,
आणि मागे उरलेल्यांत
दोन्ही हात धड असलेला मी एकटा.

कापिरिंजा हे तिचं सासर.
नवरा गेला त्याच आठवड्यात दिरांनी
शिलाईयंत्र नेलं, शेळ्या नेल्या, छपराचे पत्रे नेले,
आणि तिला सोडलं रस्त्यावर.
खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक. मलाही होतं.
सायकलवरून ती उतरली, पिशवी ठेवली,
उन्हात पान्हे मांडले, मोठ्यापासून लहानापर्यंत,
आणि मला म्हणाली, "धर."

मी धरलं. चार तास धरलं.
एकेक सळई वर येत होती, गार, गंजाचा वास मारत,
जमीन जणू आपलं आतडं आमच्या हवाली करत होती.
"सोडू नको हं, कारकून. निसटली की गेली तळाला,
मग चिउतालाही काढता यायची नाही."
देवाचं नाव दिवसभरात तिने तेवढंच घेतलं.

तळाशी वायसर, झिजून पानासारखा झालेला.
तिने खिशातून नवा काढला, काळा कुळकुळीत,
जिभेने ओला केला आणि बसवला
मान तिरकी करून, कानात डूल घालावं तसा.

"कुठून आणलास?"
"म्झुझूहून. बसभाडं निराळं."
"पैसे कोण देतं?"
तिने माझ्याकडे पाहिलं. मग पान्ह्याकडे.
"बोलू नको. धर."

कारकून माणूस, मनात बेरीज सुरूच.
तीन वर्षं, एकोणीस हापसे, जाऊन-येऊन भाडं.
आकडा दशांशापाशी आला,
त्याला ओलांडून पुढे गेला,
तरी थांबेना.

पहिलं पाणी तांबडं, ते भोपळ्याच्या वेलाला.
दुसरं गढूळ.
तिसरं पाणी.
रांगेत पहिली बादली तिच्या सासूची.
म्हातारी काही बोलली नाही. तोवेराही नाही.
दांडा मात्र तीच मारत राहिली
बादली काठोकाठ भरेपर्यंत,
मग डोक्यावर चढवून द्यायला वाकली.
म्हातारीची मान थरथरत होती.
की बादलीच. मला नीट दिसलं नाही.

रविवारी उपासना संपल्यावर वही उघडली.
क्वाचाच्या रकान्यात मावेना. मक्यात बसेना.
'इतर'मध्ये लिहिलं: वायसर, एकोणीस.
शहरातून तपासनीस येईल, विचारेल, किंमत?
विचारू दे. कापिरिंजाला नेईन,
दांडा देईन हातात.

खरं सांगायचं तर
मला अडवतो आहे तो वेगळाच डाग.
पान उलटताना उमटला: माझा अंगठा,
काळ्या ग्रीसचा,
राखेने, साबणाने, लिंबाने न निघालेला,
बरोबर माझ्याच नावासमोर.

चौदा वर्षं या वहीत
मी दुसऱ्यांचे अंगठे घेत आलो,
ज्यांना लिहिता येत नाही
त्यांचे.